कॅलिफोर्नियाचं कलम

पालीला तिठा आहे. मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा मागं टाकून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात पाली गाव लागतं. तिथून एक रस्ता नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो आणि सरळ गेलं की लांजा, राजापूर. रत्नागिरी शहर इथून २० किलोमीटरच्या आसपास. घाटावर जाणारा, तळकोकणात उतरणारा, मुंबईहून गणपतीला येणारा, सगळे कधी ना कधी या तिठ्यावरून जातात. गेल्या चाळीसेक वर्षांत दक्षिण रत्नागिरीचं जे जे भविष्य ठरलं, तेही बहुतेक याच रस्त्यानं आलं. कधी मंत्र्यांच्या गाड्यांतून, कधी मोजणीवाल्यांच्या जीपमधून, कधी पोलिसांच्या व्हॅनमधून.

त्या भविष्याला आपण एक नावही देऊन टाकलं होतं. कोकणचा कॅलिफोर्निया. ही घोषणा पहिल्यांदा कुणी दिली हे विचारण्यात अर्थ नाही, कारण ती प्रत्येक पक्षानं आणि प्रत्येक पिढीनं दिली. गंमत अशी, की घोषणा रुजली तेव्हा डोळ्यांसमोर होता तो फळबागांचा कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सांता क्लारा नावाची दरी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांसाठी जगात नावाजलेली होती. पुढे त्या बागा तोडल्या गेल्या आणि तिथं चिपचे कारखाने आले, मग संगणकाच्या कंपन्या, मग आजची सिलिकॉन व्हॅली. आपण बागायतीचा नमुना म्हणून ज्या मुलखाकडे पाहत होतो, त्यानं स्वतःच्या बागा मोडून दुसराच धंदा सुरू केला होता.

आज जगाला भविष्य पुरवणारी मुख्य पेठ तीच आहे. एकच जोडलेलं जग, माणसापेक्षा हुशार यंत्रं, न संपणारी ऊर्जा, मंगळावर वस्ती, म्हातारपणावर औषध. हे सगळं ऐकून काहींच्या अंगावर रोमांच येतात आणि काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. हा लेख त्या आठ्यांविषयी आहे. तंत्रज्ञानानं उभारलेल्या जागतिक संस्कृतीच्या स्वप्नावर शंका कुणी घेतली, कशावर घेतली, त्यातली कुठली खरी ठरली आणि कुठली फसली, याचा हा आढावा. पाहायची जागा मात्र सिलिकॉन व्हॅली नाही, रत्नागिरी जिल्हा. कारण या जिल्ह्यात भविष्य अनेकदा येऊन गेलं आहे.

स्वप्नाचा वंश

स्वप्न जुनं आहे. १८८८ साली एडवर्ड बेलामी या अमेरिकी लेखकानं 'लुकिंग बॅकवर्ड' लिहिलं. नायक झोपतो आणि २००० सालच्या बॉस्टनमध्ये जागा होतो. तिथं गरिबी नाही, सगळं काही नेटकं आणि सुखाचं. त्यानंतर एच. जी. वेल्सनं जागतिक राज्याचा ध्यास आयुष्यभर सोडला नाही. १९६४ मध्ये निकोलाय कार्दाशेव या सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञानं संस्कृती मोजायची पट्टीच दिली. एखादी संस्कृती किती ऊर्जा वापरते यावर तिची पायरी ठरवायची. आधी ग्रहाएवढी ऊर्जा, मग ताऱ्याएवढी, मग आकाशगंगेएवढी. २००५ मध्ये रे कर्झवाइलनं २०४५ हे साल सांगितलं. त्या सुमारास यंत्राची बुद्धी माणसाच्या बुद्धीला कायमची मागं टाकेल, असं त्याचं भाकीत.

आपल्याकडे हे स्वप्न अणुऊर्जेच्या रूपानं आलं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी वीज इतकी स्वस्त होईल की मीटर लावायचीही गरज उरणार नाही, अशी आशा बोलून दाखवली. पुढच्याच वर्षी जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत येईल असं भाकीत केलं. ती दोन दशकं १९७५ मध्ये संपली. तशी वीज अजून एकाही घरात आलेली नाही. देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमानं २००० सालासाठी १०,००० मेगावॅटचं लक्ष्य ठेवलं होतं, प्रत्यक्षात त्या साली क्षमता ३,००० मेगावॅटच्याही आत होती. १९९८ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांचं 'इंडिया २०२०' आलं आणि एका पिढीनं त्या सालाकडे डोळे लावले. ते साल उगवलं तेव्हा टाळेबंदीत मुंबईतले चाकरमानी रुळांवरून आणि महामार्गावरून कोकणाकडे पायी निघालेले आपण पाहिले.

पण चुकलेल्या भाकितांची यादी वाचून हसणं सोपं आहे, आणि त्यानं काही सिद्ध होत नाही. १९६०च्या दशकातल्या भविष्यवेत्त्यांना चंद्रावरची शहरं दिसली, पण रिक्षावाल्याच्या खिशातला फोन दिसला नाही. भाकीत दोन्ही बाजूंनी चुकतं. म्हणून शंकेचे प्रकार वेगळे काढून पाहायला हवेत. माझ्या मते ते चार आहेत. जमेल का? परवडेल का आणि कुणाला? पुरेल का? आणि चौथा, सगळ्यांत जुना प्रश्न, हवं आहे का?

रत्नागिरीतला जुना वाद

चौथ्यापासूनच सुरुवात करू, कारण तो रत्नागिरीतच मांडला गेला आहे.

१९०९ साल. लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज' लिहिलं. रेल्वे, वकील, डॉक्टर आणि यंत्रं यांवर उभी असलेली आधुनिक संस्कृती हाच रोग आहे, अशी त्याची मांडणी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ई. एम. फॉर्स्टरनं 'द मशीन स्टॉप्स' ही कथा प्रसिद्ध केली. जमिनीखालच्या खोल्यांत एकेकटी राहणारी माणसं पडद्यावर एकमेकांना भेटतात आणि सगळं काही एका महायंत्रावर सोपवून देतात. मग यंत्र बिघडायला लागतं. दुरुस्ती करणारी यंत्रणा आहे, पण बिघाड तिच्यातही झालाय, आणि ती दुरुस्त करणं कुणालाच येत नाही. एक राजकीय पुस्तिका आणि एक कथा, परस्परांशी संबंध नसताना एकाच वर्षी एकाच भीतीपाशी पोचल्या.

१९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. 'किर्लोस्कर' मासिकातल्या त्यांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांनी मराठी वाचकाला चांगलंच हलवून सोडलं. युरोपची संस्कृती 'अद्ययावत' आणि आपली 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त', असा त्यांनी दोन शब्दांत निकाल लावला. यंत्रानं बेकारी येत नाही, वाटणीच्या विषमतेनं येते, म्हणून यंत्राला शिव्या देऊ नका, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीला आले आणि सावरकरांना भेटलेही. यंत्रावरचा मतभेद मात्र दोघांच्या लेखनातच राहिला. गांधीजीही दिसतात तितके यंत्राचे वैरी नव्हते. शिवणयंत्राचं त्यांना कौतुक होतं, आणि १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. त्यांची शंका यंत्रावर कमी आणि यंत्राच्या वेडावर जास्त होती.

या वादातला सगळ्यांत धारदार आवाज तिसराच होता, आणि त्याचंही मूळ या जिल्ह्यातलं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी गांधीवादी यंत्रविरोधाची चिरफाड केली. माणसाला पशूपासून वेगळं करते ती संस्कृती, संस्कृतीला फुरसत लागते, आणि फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही. दोष यंत्राचा नसून खासगी मालमत्ता आणि नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचं ओझं आणि गावाबाहेरची वस्ती आली, त्याला साध्या ग्रामजीवनाचं गुणगान ऐकवू नका, असं त्यांचं म्हणणं.

भविष्यावर शंका घेणाऱ्या प्रत्येकानं ही परीक्षा आधी द्यायला हवी. गेलेल्या काळाचे गोडवे गाण्याला शंका म्हणत नाहीत. पाणवठ्याला शिवू न देणारं गाव आणि रोख मजुरी देणारी गिरणी, यांत गावच बरं म्हणणाऱ्याला दोन्हींचा अनुभव नसतो. कोकणातून मुंबईला गेलेल्या हजारो माणसांनी हा निवाडा पायांनी दिला. त्या गिरण्याही १९८२च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या, ही पुढची गोष्ट.

प्रकल्पांचा जमाखर्च

'परवडेल का, आणि कुणाला' या प्रश्नाचं उत्तर शोधायला रत्नागिरीइतका भरगच्च दप्तरखाना दुसरीकडे मिळणं कठीण.

पहिलं पान गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचं. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला. दाभोळच्या खाडीच्या तोंडावर वायूवर चालणारं प्रचंड वीज केंद्र उभं राहणार होतं. उदारीकरण झालेल्या भारताचं ते पहिलं मोठं चित्र. १९९३ मध्ये जागतिक बँकेनंच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही असं सांगून पैसे द्यायला नकार दिला होता. पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी कराराची आकडेमोड करून दाखवली: वीज लागो न लागो, राज्य वीज मंडळाला मोठी रक्कम भरावीच लागेल, तीही डॉलरच्या दराशी बांधलेली. १९९५ मध्ये करार रद्द झाला, पुढच्या वर्षी नव्या अटींवर पुन्हा झाला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत महाराष्ट्र राज्य वीज मंडळाला ती वीज झेपेना. मे २००१ मध्ये खरेदी थांबली आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. हिशेब करणाऱ्यांची शंका शब्दशः खरी ठरली. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही शंका विजेवर किंवा यंत्रावर नव्हती, ती कराराच्या कलमांवर होती.

खाडीच्या पलीकडचं दाभोळ या सगळ्याकडे बघत होतं. पंधराव्या शतकात हे जगाशी जोडलेलं बंदर होतं. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी इथूनच परतीच्या जहाजात चढला. १५०८च्या अखेरीला पोर्तुगीजांनी ते जाळलं. जागतिकीकरण कोकणाला नवीन नाही. ते येतं आणि जातं, हेही नवीन नाही.

दुसरं पान रत्नागिरी शहराजवळचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथं स्टरलाइटचा तांबं वितळवण्याचा कारखाना येणार होता. आंबा बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले, काम थांबलं आणि कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथं २२ मे २०१८ रोजी प्रदूषणाविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार झाला, १३ माणसं मेली आणि कारखान्याला टाळं लागलं. रत्नागिरीकरांची शंका दुसऱ्याच गावानं रक्तानं खरी करून दाखवली. त्यात रत्नागिरीकरांनी मिरवण्यासारखं काही नाही.

तिसरं पान जैतापूरचं. माडबन आणि शेजारच्या गावांतली ९३८ हेक्टर जमीन, १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. जगातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडलं, एप्रिलमध्ये साखरी नाटे इथं गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. आजपर्यंत तिथं एकही अणुभट्टी उभी नाही. त्याला फक्त आंदोलन कारण आहे असं म्हणता येणार नाही. याच जातीची पहिली अणुभट्टी फिनलंडमध्ये २००५ मध्ये बांधायला घेतली. ती २००९ मध्ये चालू व्हायची होती, नियमित वीज द्यायला २०२३ उजाडलं. फ्रान्समधली फ्लामानव्हिल इथली २००७ मध्ये बांधायला घेतली आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये ग्रिडला जोडली गेली. तिथं ना जैतापूरचं आंदोलन होतं, ना कोकणचा पाऊस. म्हणजे 'जमेल का' हा पहिला प्रश्नही वाटतो तितका मागासलेला नाही.

चौथं पान नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचं. वर्षाला सहा कोटी टन क्षमता, तीन लाख कोटी रुपयांचा आकडा. २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झालं, मग राजापूर तालुक्यातल्याच बारसू-सोलगावचं नाव आलं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या पठारावर मातीपरीक्षण सुरू झालं तेव्हा भर उन्हात तापलेल्या कातळावर बाया आडव्या झाल्या होत्या.

या चार पानांवरून 'कोकणी माणूस विकासाचा शत्रू' असा निष्कर्ष काढणारे आहेत, तसे 'कोकणी माणूस पर्यावरणाचा रक्षक' म्हणून हार घालणारेही आहेत. दोन्ही चुकीचे. याच जिल्ह्यात लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत उभी राहिली आणि तिच्या सांडपाण्यानं दाभोळ खाडीतली मासळी मेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. माधव गाडगीळांच्या २०११च्या पश्चिम घाट अहवालानं त्याची विस्तारानं नोंद घेतली. पुढच्या आंदोलनांची शंका कुठल्या तत्त्वज्ञानातून आली नव्हती. ती लोट्याकडे बघून आली होती.

ओसाड म्हणजे काय

या सगळ्या प्रकल्पांना हवी होती ती एकच गोष्ट, सडा. रत्नागिरीत डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या पठाराला सडा म्हणतात. सातबाऱ्यावर तो पोटखराब किंवा वरकस म्हणून लागतो. बाहेरून आलेल्याला मे महिन्यात तिथं काळा कातळ आणि वाळलेलं गवत दिसतं. मग अहवालात शब्द येतो, 'ओसाड'. भविष्याच्या नकाशात कोरी जागा सापडली.

तो ओसाड सडा जुलैमध्ये पाहावा. कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं, आठवडाभरात रानफुलांचे गालिचे उगवतात, गुरं चरतात, आणि जिथं माती आहे तिथं नाचणी-वरी होते. सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या वाडीतल्या झऱ्याला आणि विहिरीला येतं. या सड्यांवरच कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वाड्यावाड्या पालथ्या घालून ती शोधली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे आणि बारसू. कशेळीचा हत्ती एखाद्या घरापेक्षा मोठा आहे. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस आहे. हे काम दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं असावं असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे.

ही चित्रं काय सांगतात? कुणालाच ठाऊक नाही. कातळ टिकला, रेघ टिकली, अर्थ वाहून गेला. तंत्रज्ञानाच्या जगाला हा धडा जड जाणारा आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अणुकचऱ्याच्या भूमिगत साठ्यासाठी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांना कामाला लावलं होतं: इथं खणू नका, हा निरोप दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला कसा कळवायचा? दहा हजार वर्षांपूर्वीचा निरोप हाताशी असून वाचता न येणाऱ्या मुलखात अणुकेंद्राचा बेत आखला गेला, हा योगायोग कुणी रचून सांगितला असता तर पटला नसता.

मराठीत हीच भीती जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला' या कादंबरीत घातली. जमिनीखाली एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्या ज्ञानावर वामन नावाचा यंत्रमानव घडतो, आणि त्या संस्कृतीचा शेवट कशानं झाला हे उमगेपर्यंत उशीर होऊ लागलेला असतो. नारळीकर विज्ञानाचे कट्टर पुरस्कर्ते, फलज्योतिषाशी आयुष्यभर भांडलेले. त्यांनीच ही शंका लिहिली, याला महत्त्व आहे. विज्ञानावर विश्वास असणं आणि तंत्रज्ञानाच्या भविष्यावर शंका घेणं, या दोन गोष्टी एका माणसात सुखानं नांदतात.

चारशे वर्षांचं गणित

तिसरा प्रश्न, पुरेल का? यासाठी १९७२च्या 'लिमिट्स टू ग्रोथ' या अहवालापासून पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी एकच हिशेब देतो, जो कुणालाही कागदावर करता येईल. त्याची मांडणी टॉम मर्फी या भौतिकशास्त्रज्ञानं केली, आणि तो कॅलिफोर्नियातलाच.

सगळं जग मिळून आज साधारण १८ टेरावॅट दरानं ऊर्जा वापरतं. हा वापर वर्षाला २.३ टक्क्यांनी वाढला तर शंभर वर्षांत दहापट होतो. म्हणजे १८चे १८०, मग १,८००, मग १८,०००, आणि चारशे वर्षांनी १,८०,००० टेरावॅट. सूर्याकडून पृथ्वीला मिळते ती एकूण ऊर्जा याच्याहून किंचित कमी, साधारण १,७४,००० टेरावॅट. ऊर्जा कोळशाची असो, अणूची असो वा संमीलनाची, वापरून झाल्यावर तिची उष्णताच होते, आणि तेवढ्या उष्णतेत पृथ्वी राहण्याजोगी उरत नाही. चारशे वर्षं म्हणजे फार नव्हेत. शिवाजी महाराजांचा जन्म त्याहून थोडासा अलीकडचा.

हे भाकीत नव्हे. वाढ कायमची चालत नाही, एवढंच यातून कळतं. कार्दाशेवची शिडी चढत जाणारी संस्कृती पहिल्या पायरीवरच भाजून निघेल. शिडीच चुकीच्या भिंतीला टेकवलीय का, हे विचारायला इथं भरपूर जागा आहे.

शंकेच्या चुका

आता दुसरी बाजू, कारण शंकाही चुकते, आणि तिच्या चुकांची किंमत गरिबाला द्यावी लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवले, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते या समजुतीपायी ते कुणी घेईना. कोकण रेल्वेचंही तसंच. हजारो पूल, ९१ बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. हे होणार नाही, परवडणार नाही, असं म्हणणारे पुष्कळ होते. २६ जानेवारी १९९८ पासून गाड्या सलग धावू लागल्या. पालीच्या तिठ्यावर रात्र काढून एसटीनं मुंबई गाठणाऱ्यांना विचारा, ती गाडी त्यांच्यासाठी काय आहे. २०२०च्या साथीत वर्षाच्या आत लस तयार झाली आणि पुण्यात तिचे कोट्यवधी डोस भरले गेले, हेही याच तंत्रज्ञानानं जोडलेल्या जगाचं काम.

म्हणून सरसकट नकारापेक्षा पर्याय जगून दाखवणारे मला जास्त मोलाचे वाटतात. दिलीप कुलकर्णी अभियंता. ते दापोली तालुक्यातल्या कुडावळे गावी येऊन राहिले, गरजा कमी करून कुटुंबासह जगून दाखवलं, 'निसर्गायण' लिहिलं, 'गतिमान संतुलन' हे मासिक चालवलं. त्यांचा प्रश्न थेट चौथा, हवं आहे का? ती वाट सगळ्यांना झेपणारी नाही, हे खरंच. पण हवं-नको ठरवण्याचा अधिकार आपला आहे, याची आठवण त्यातून होते. श्रीनाथ कालबाग दुसऱ्या टोकाचे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला त्यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि शाळेत न रमलेल्या मुलांना वेल्डिंग, वीज, बांधकाम आणि शेती हातानं करायला शिकवली. तंत्रज्ञान नाकारायचं नाही, ते दुरुस्त करता येईल इतकं आपलंसं करायचं, ही त्यांची भूमिका.

रूळ तपासणारा माणूस

दुरुस्ती हा शब्द फॉर्स्टरच्या कथेपासून या लेखाच्या मागे लागला आहे. त्याचा उलगडा कोकण रेल्वेनंच केला.

त्याच कोकण रेल्वे महामंडळानं मडगावला स्कायबसची चाचणी मार्गिका बांधली होती. खांबांवरच्या मार्गाला लटकत धावणारे डबे, शहरांच्या वाहतुकीचं भविष्य म्हणून. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीत अपघात होऊन एक कर्मचारी गेला. प्रकल्प तिथंच थांबला आणि २०१३ मध्ये सांगाडाही उतरवला गेला. त्याआधी, २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि ५०हून अधिक प्रवासी मेले होते. त्यानंतर या मार्गावर पावसाळ्याचं वेगळं, संथ वेळापत्रक आणि चोवीस तासांची गस्त नेहमीची झाली. जून ते ऑक्टोबर, मिट्ट काळोखात, कोसळत्या पावसात, हातात बॅटरी घेऊन माणसं रुळांवरून चालतात आणि कटिंगमध्ये दगड आलाय का ते बघतात. त्या माणसाच्या भरवशावर आपण बर्थवर निवांत झोपतो.

भविष्याच्या कुठल्याही चित्रात हा माणूस नसतो. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नसतो, प्रकल्पाच्या माहितीपत्रकात नसतो, मंगळावरच्या वसाहतीतही नसतो. म्हणून ती चित्रं सुंदर दिसतात. पालीवरून जाणाऱ्या महामार्गाचं चौपदरीकरण घ्या. पनवेल बाजूचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटून गेलं तरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पट्ट्यात वळसे आणि खड्डे चुकवत गाड्या हाकाव्या लागत होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा बांधकामाधीन उड्डाणपूलच कोसळला. चारशे किलोमीटरचा रस्ता वेळेत होत नाही तिथं आकाशगंगेच्या गप्पा ऐकताना हसू येतं, तो कुचकेपणा नव्हे. पुलाखालून रोज जाणाऱ्याचं ते गणित आहे.

कोय कुठली?

मग कोकणचा कॅलिफोर्निया झालाच नाही का? थोडासा झाला, पण ज्याची जाहिरात झाली त्या वाटेनं नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत वरकस जमिनींवर खड्डे खणले गेले. कुणी कातळात सुरुंग लावले, बाहेरून माती आणून भरली, पहिले उन्हाळे डोक्यावरून पाणी घातलं आणि आंबा-काजूची कलमं जगवली. आज सड्यांच्या उतारावर दिसणाऱ्या अनेक बागा त्यातल्या. त्यांच्याही अडचणी आहेत. अवकाळी पाऊस आहे, थ्रिप्स आहेत, आणि राखणीला नेपाळहून आलेली माणसं आहेत, कारण घरचा मुलगा मुंबईत किंवा आखातात. जग जोडलं गेलंय ते असं, फवारणीच्या पंपापासून राखणदाराच्या खोपटापर्यंत.

आणि हापूस तरी इथला कुठं? आल्फोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून तो आला म्हणतात, आणि कलमांची कला गोव्यात पोर्तुगीजांनी वाढवली. कोकणच्या अभिमानाचं फळच परक्या तंत्रानं आलेलं आहे. पण ते कलम बांधलं गेलं रायवळच्या कोयीवर, जी या मातीत आधीच रुजली होती. त्यामुळे बाहेरून आलं म्हणून नाकारायचं, ही शंका आमच्या तोंडी शोभणारी नाही.

बागायतदार कलम विकत घेताना विकणाऱ्याच्या फळाचं वर्णन ऐकून घेतो, मग खाली वाकून जोड बघतो. कोय कुठली, जोड नीट भरलाय का, आणि पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार? करारांवर, अणुभट्ट्यांवर आणि आता हुशार यंत्रांवर घेतलेल्या ज्या शंका खऱ्या ठरल्या, त्या सगळ्या या तीन प्रश्नांत बसतात. ज्या फसल्या, त्या फळालाच नावं ठेवत होत्या. पालीच्या तिठ्यावर पुढची गाडी येईल तेव्हा तिच्यात कुठल्याही देशाचं रोपटं असो, आधी पिशवी उघडून जोड बघायला मागू.